बसायला गेलो माथेरानला

शाळेत थोरलीला ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायचा होता. बाईंनी तपासून वर लाल शाईत ‘छान’ असा शेरा दिला, म्हणून तिने वही माझ्यापुढे आणून ठेवली. पहिलेच वाक्य होते, ‘माझी अम्मी कधीच बसत नाही.’ पुढे सगळी तारीफच होती. अम्मी फजरच्या आधी उठते, तीन डबे भरते, दादीच्या गोळ्या काढून देते, दुपारी लोकांचे ब्लाउज आणि बुरखे शिवते; मशीनवर बसली तरी तिचे पाय चालूच असतात. शेवटी लिहिले होते, ‘मोठी झाल्यावर मला अम्मीसारखे व्हायचे आहे.’

मी शाबासकी दिली. पण रात्री भांडी घासताना ते शेवटचे वाक्य काही डोक्यातून जाईना. माझ्या मुलीनेही जन्मभर बसू नये, असे मला वाटते का?

आमच्या घरात न बसण्याची ही रीत माझ्यापासून सुरू झालेली नाही. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो, सत्तरीला आल्या आहेत. गुडघे धरलेले आहेत, तरी रिकाम्या हाताने बसायची त्यांना लाज वाटते. ‘तांदूळ तरी दे निवडायला’ म्हणतात. त्यांचा आजवरचा प्रवास म्हणजे रायगडातले माहेर, नात्यातली लग्ने, मयती आणि इस्पितळ. आणि आमचे हे? मुंब्र्यात पंखे, मिक्सर, इस्त्री दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. सकाळी साडेनऊला शटर वर जाते ते रात्री साडेदहाला खाली येते. सुट्टीचा वार नाही. जुम्याच्या नमाजेपुरते शटर अर्धे खाली ओढले जाते, एवढीच आठवड्याची विश्रांती. डिसेंबरात एका रात्री जेवता जेवता घास हातात धरूनच त्यांना झोप लागली. मुले हसली, मीही हसले. तोच प्रकार तिसऱ्यांदा झाला तेव्हा कुणी हसले नाही.

म्हणून मी एका रात्री विषय काढला, “आपण दोन दिवस कुठंतरी जाऊन बसू या.”

“बसायला?” हे म्हणाले. “बसायला पैसे खर्च करून जायचं?”

“घरी फुकट बसता येत असतं तर बसलो असतो की!” मी म्हटले.

माथेरान ठरले त्याचे कारण साधे होते. आमचे घर रस्त्याला लागून आहे. ट्रकचे हॉर्न, रिक्षांचे हॉर्न, मध्यरात्री कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज. मला थंड हवा, मोठे हॉटेल, पोहण्याचा तलाव यांतले काहीच नको होते. जिथे हॉर्न वाजत नाही अशी जागा हवी होती. माथेरानमध्ये खासगी मोटारगाड्यांना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर छोट्या रेल्वेने जायचे. 2003 मध्ये हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणूनही जाहीर झाला. आमच्या घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत अशी जागा आहे आणि लग्नाला सोळा वर्षे झाली तरी आम्ही तिथे गेलेलो नव्हतो.

गर्दी टाळायची म्हणून जानेवारीतला सोमवार-मंगळवार धरला. मुलांच्या दोन दिवसांच्या शाळेचा प्रश्न आला. तो अम्मांनीच सोडवला, “लग्नाला चार दिवस बुडतात तेव्हा कुणी विचारत नाही!” पण आदल्या रात्री त्याच अम्मा चाळीस चपात्यांचे पीठ काढून बसल्या. वर सुके मटण, खिमा, उकडलेली अंडी. मी परात काढून घेतली. बाईच्या सहलीचे हेच होते. घरचा चुलाणा तिच्या डोक्यावर बसून बरोबर येतो. निघण्याआधी दोन दिवसांचा स्वयंपाक, परतल्यावर दोन दिवसांचे धुणे, आणि त्यालाच आपण विश्रांती म्हणतो. “अम्मा, वाटेपुरतं बरोबर घेऊ,” मी म्हटले, “तिथं मिळेल ते खाऊ. डाळभात मिळाला तर डाळभात.” त्यांना ते फारसे पटले नाही, पण पीठ परत डब्यात गेले.

फजर पढून आम्ही निघालो. कल्याणला गाडी बदलून कर्जत लोकल पकडली. बदलापूर मागे पडले तशा इमारती विरळ झाल्या आणि वांगणीनंतर उजवीकडे डोंगर दिसू लागला. धाकट्याने मदरशात नुकताच प्रवासातल्या नमाजेचा धडा घेतला होता. त्याने विचारले, “अब्बू, आज आपण कस्र पढायची ना?”

ह्यांनी बोटांवर हिशेब केला. “नाही रे. मुसाफिर ठरायला साधारण ऐंशी किलोमीटर लागतात. आपलं नेरळ पन्नाससुद्धा नाही.”

“म्हणजे आपण मुसाफिर नाही?”

“नाही. नमाज पुरी पढायची.”

धाकटा थोडा हिरमुसला, पण मला त्या प्रश्नाने विचारात पाडले. अल्लाहने प्रवाशाला किती सवलती दिल्या आहेत! चार रकअतींच्या फर्ज नमाजेच्या दोन होतात, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. माणूस थकतो, हे दीनने आधीच गृहीत धरले आहे. आपणच ते मानायला तयार नसतो. लांब जाणाऱ्याचा थकवा आपल्याला दिसतो. जो रोज घर ते दुकान आणि चूल ते मशीन एवढेच अंतर चालतो, त्याचा थकवा कुणाच्या नजरेत येत नाही.

नेरळला लोकलमधून उतरले की त्याच स्टेशनात छोट्या रेल्वेचा फलाट आहे. या गाडीच्या दोन रुळांमध्ये फक्त दोन फुटांचे अंतर. तिकिटासाठी रांग लावावी लागते. ह्यांचे म्हणणे होते की टॅक्सीने जाऊ, अर्ध्या तासात दस्तुरीला पोचू. टॅक्सीचा रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा आणि रेल्वेचा एकवीस, वर अडीच तासांहून जास्त वेळ. “जिथं अर्धा तास लागतो तिथं अडीच तास कशाला?” मी म्हटले, “आपल्याला पोचायची घाई कुठं आहे? आपण बसायला निघालोय. गाडीतच बसायला सुरुवात करू.” अम्मांच्या गुडघ्यांचाही विचार होता. टॅक्सी दस्तुरीला सोडते, पुढे गावापर्यंत लाल मातीची वाट तुडवावी लागते. रेल्वे थेट बाजारापर्यंत नेते.

ही रेल्वे कोणी बांधली, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्या वाचकांतही बऱ्याच जणांना नसेल, म्हणून सांगते. 1850 मध्ये ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि त्यानंतर मुंबईचे साहेब लोक उन्हाळ्यात इथे हवा खायला येऊ लागले. नेरळपर्यंत आगगाडी होती. पुढे घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय. वर रेल्वे नेली ती मुंबईच्या एका दाऊदी बोहरा घराण्याने. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभे केले. 1904 मध्ये सुरुवात झाली आणि मार्च 1907 मध्ये गाडी धावली. त्या काळचे सुमारे 16 लाख रुपये लागले. त्याच 1907 च्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष हेच सर आदमजी. मुंबईत चर्नी रोडला त्यांनी सॅनिटोरियमही बांधले. मोठा उद्योगपती, सरकारला तंबू आणि जोडे पुरवणारा कंत्राटदार. पण ज्या कामांमुळे आज त्यांचे नाव घेतले जाते त्यांतली ही दोन लोकांना विसावा मिळवून देणारी आहेत. माणसाच्या पैशाचे असे काहीतरी मागे राहावे.

गाडी सुटली आणि आम्ही माणसाच्या धावण्याच्या वेगाने डोंगर चढू लागलो. दोनशेहून अधिक वळणे आहेत. पुढचे इंजिन खिडकीतून बाजूला दिसते आणि पुढच्या वळणावर मागचा डबा. ह्यांचे मन यंत्रात रमणारे. त्यांनी डब्यातल्या ब्रेकवाल्या कर्मचाऱ्याशी गप्पा सुरू केल्या. या मार्गावर उतरताना इंजिनाइतकीच ब्रेकची मदार असते. जुन्या वाफेच्या इंजिनांची गोष्टही तिथेच निघाली. ती जर्मनीहून, ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आणली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने, ज्याने आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे बांधली, त्यांची आखणी केली होती. एवढ्या तीव्र वळणांवर नेहमीचा ताठ आस चालत नाही, चाके रुळावरून उतरतात. म्हणून या इंजिनांचे आस वळणावर थोडे बाजूला सरकतील, थोडे सैल होतील, असे केलेले होते. हे मला ते कौतुकाने समजावून सांगत होते. मी म्हटले, “म्हणजे थोडी ढील नसती तर इंजिन वर पोचलंच नसतं.” ह्यांनी माझ्याकडे पाहिले. “कळलं,” म्हणाले, “माझ्यावर बोलतेयस.”

जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज अशी स्टेशने लागतात. जुम्मापट्टीचे नाव वाचून अम्मा खूश झाल्या. “बघ, जुम्म्याच्या नावाचं स्टेशन! इथं तरी दुकान बंद ठेव म्हणावं.” वॉटर पाइपला पूर्वी इंजिन पाणी पीत असे. चढताना इंजिनालाही थांबून पाणी प्यावे लागे, हे अम्मांनी दोनदा बोलून दाखवले. एरवी दहा मिनिटे हात रिकामे राहिले तर बेचैन होणाऱ्या अम्मा अडीच तास खिडकीला गाल लावून बसल्या होत्या. गाडीत निवडायला तांदूळ नव्हते.

माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. स्टेशनाबाहेर पाय ठेवला आणि मला आधी जाणवली ती शांतता. शांतता म्हणजे आवाज नव्हते असे नाही. घोड्यांच्या टापा होत्या, माकडांची पळापळ होती, चिक्कीवाला हाक मारत होता. पण प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता. आमच्याकडे सगळे आवाज एकमेकांत कालवलेले असतात.

सामान उचलायला एक बाई पुढे आल्या. वय अम्मांहून थोडे कमी असेल. आमच्या दोन्ही बॅगा एकावर एक डोक्यावर घेण्याच्या तयारीत होत्या. अम्मांना ते बघवेना. “नको गं, आमचं आम्ही नेतो,” त्या म्हणाल्या. त्या बाईंचा चेहरा पडला. तेव्हा मला समजले, की आपल्याला बघवत नाही म्हणून तिची मजुरी बुडवणे ही काही दया नव्हे. शेवटी जड बॅग ह्यांनी घेतली, हलकी त्यांनी घेतली आणि मागितले तेवढे पैसे घासाघीस न करता दिले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना तोंडपाठ करायला लावतो, ती वागून दाखवायची संधी अशी वाटेवर भेटते.

लॉजच्या पायरीवर अम्मांनी त्यांना बसवून घेतले, चहा मागवला. बोलता बोलता अम्मांनी विचारले, “तुम्हाला सुट्टी कधी असते हो?” त्या म्हणाल्या, “आम्हाला पावसाळा. चार महिने बसूनच असतो.” आणि हसल्या. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालतात, बरीच दुकाने आणि हॉटेलांचे दरवाजे लागतात, प्रवासी कमी होतात. त्यांचे ते बसणे म्हणजे रोज बुडणे. पोटाची सोय असल्याशिवाय बसणे ही विश्रांती होत नाही, हे त्या दोन वाक्यांत सांगून गेल्या.

माथेरानमध्ये मोटारी नाहीत, म्हणून आम्हाला शांतता मिळते. पण गॅसची टाकी, पिठाचे पोते, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळे कुणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून वर येते. माणसाने ओढायच्या हातरिक्षाही आम्ही पाहिल्या. एकाने अम्मांना विचारलेही. त्या नाही म्हणाल्या, “माणसानं माणसाला ओढायचं, माझ्या जिवाला बरं वाटणार नाही.” पुढे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करायला सांगितले, तेव्हा टीव्हीवरची बातमी ऐकून अम्मांनी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटले. आपल्या विसाव्याचा भार कुणाच्या पाठीवर पडतो, हे पाहण्याची जबाबदारी विसावा घेणाऱ्याचीही असते.

आता खरे सांगते. पहिल्या दिवशी आम्हाला बसता आलेच नाही. दुपारी डाळभात, भाजी, पापड असे जेवण झाले आणि मी सवयीने सगळ्यांची ताटे गोळा करून उठले. खानावळीचा पोरगा म्हणाला, “ताई, राहू द्या, मी घेतो.” खोलीत येऊन मी चादरी झटकल्या, बॅगेतले कपडे पुन्हा घड्या करून ठेवले. घड्या घालून झाल्यावर काय करावे ते सुचेना. हे फोन हातात धरून नेटवर्कच्या शोधात खोलीबाहेर फेऱ्या मारत होते. मुले ‘आता काय?’ म्हणून दर पंधरा मिनिटांनी विचारत होती. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त पाहायला गेलो तर तिथेही हे, कुणाच्या तरी मिक्सरचे बटण कसे दाबायचे ते फोनवर सांगत होते. सूर्य बुडाला तेव्हा त्यांची पाठ होती. मला वाईट वाटले, रागही आला. पण मग वाटले, सोळा वर्षे पळालेला माणूस एका दिवसात कसा थांबेल? या डोंगरावरून उतरणाऱ्या गाडीलाही ब्रेक हळूहळूच लावावा लागतो.

बाजारपेठेजवळ मशीद आहे. ह्यांनी आणि धाकट्याने मगरीब आणि इशा तिथे जमातीने पढली. इशानंतर जेवण झाले आणि नऊला बाजार जवळजवळ निजला. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून आम्हीही निजलो. कित्येक वर्षांनी मी नऊ वाजता अंथरुणावर होते. पवित्र कुरआनच्या सूरह नबामध्ये अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना जमीन, डोंगर, रात्र आणि दिवस यांच्याबरोबर झोपेचाही उल्लेख केला आहे. झोप आरामासाठी आहे असे सांगितले आहे. डोंगर पाहून आपण ‘सुब्हानअल्लाह’ म्हणतो. झोप मात्र आपल्याला वेळेची नासाडी वाटते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर हे मुलांना घेऊन शार्लट लेककडे चालत गेले. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव दाट झाडीत आहे, पुढे इको पॉइंट, लुइझा पॉइंट आहेत. लुइझावरून समोर प्रबळगड दिसतो. अम्मांना तेवढे चालवणार नव्हते, म्हणून मी आणि त्या बाजाराजवळच्या खंडाळा पॉइंटवर गेलो. धुके होते. आम्ही एका बाकावर बसलो. हळूहळू दरी उघडत गेली, खालची गावे दिसू लागली, पलीकडे डोंगरांच्या रांगा.

बराच वेळ दोघी गप्प होतो. मग अम्मा म्हणाल्या, “तुझे सासरे मला इथं आणणार होते.”

मला हे ठाऊक नव्हते. सासरे गोदीत कामाला होते. लग्न झाले त्या वर्षी त्यांनी म्हटले होते, माथेरानला जाऊ, छोटी रेल्वे आहे, मजा येते. मग मोठी नणंद झाली. मग दिराची फी, घराची पागडी, गावच्या घराचे छप्पर. दर वर्षी ‘पुढच्या साली’ म्हणायचे. नंतर म्हणू लागले, रिटायर झालो की बघू. “रिटायर झाले,” अम्मा म्हणाल्या, “आणि अकरा महिन्यांत गेले. त्यातले चार महिने इस्पितळात.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “वाईट माणूस नव्हता गं. आमच्यासाठीच राबला. पण त्याच्याबरोबर बसल्याची आठवण काढायला गेले तर मला इस्पितळाची खाट आठवते.”

मी त्यांचा हात धरला. काय बोलणार? तासभर तरी आम्ही तशाच बसलो असू. त्यांच्या मांडीवर ना तांदळाचे सूप होते, ना लसणाच्या पाकळ्या. हात नुसतेच मांडीवर होते, उताणे, दुआ मागून झाल्यावर असतात तसे.

खोलीवर परतलो तर हे बॅग भरत होते. एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. लग्नघर आहे, मिक्सर आजच हवा. दुपारची गाडी न धरता टॅक्सीने आताच उतरलो तर चारपर्यंत दुकान उघडता येईल, असा त्यांचा हिशेब. मुलांची तोंडे उतरली होती.

मी भांडले नाही. मी त्यांना एक जुनी गोष्ट आठवून दिली. त्यांनी ती अनेकदा बयानात ऐकलेली आहे. बुखारी शरीफमधली ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. हजरत सलमान (रजि.) हे हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी अगदी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, की तुमच्या या भावाला दुनियेची गरजच उरलेली नाही. अबू दर्दा दिवसा रोजे ठेवत आणि रात्रभर इबादत करत. सलमान यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री उठू लागले तेव्हा झोपायला सांगितले आणि रात्रीच्या शेवटच्या भागात दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले, की तुमच्यावर तुमच्या रबचा हक्क आहे, तुमच्या जिवाचाही हक्क आहे आणि घरच्यांचाही. ज्याचा त्याचा हक्क द्या. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

“ते तर इबादतीत होते,” मी म्हटले, “तरी त्यांना थांबवलं. आपण मिक्सरमध्ये आहोत.”

आणि मग अम्मांनी बाकावर मला सांगितलेले सगळे त्यांना सांगितले. मी सांगितले नसते, अम्मांनीच सांगितले. “तुझ्या अब्बांनीही गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नसतं,” असे म्हणून त्या गप्प झाल्या.

हे बराच वेळ चेन अर्धी लावलेल्या बॅगेकडे पाहत राहिले. मग बाहेर गेले. फोन लागेल अशा जागी उभे राहून बोलत असलेले आम्ही खिडकीतून पाहिले. परत आले आणि म्हणाले, “सांगितलं उद्या सकाळी देतो. तो म्हणाला, बरं.” एवढेच. आम्हाला वाटत होते तेवढे मोठे काहीच नव्हते. जिला आपण अडचण समजतो ती पुष्कळदा एका ‘उद्या’ने सुटते, तो शब्द उच्चारायचे धाडस मात्र होत नाही.

त्या दुपारी जुहरनंतर ते दीड तास झोपले. दुपारची अशी थोडी झोप, कैलूला, ही तर सुन्नत आहे. आम्ही मात्र ती म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची समजून सोडून दिली आहे. मुलांनी बाजारातून चिक्की आणि अम्मांसाठी चामड्याच्या चपला आणल्या. परतीच्या गाडीत ह्यांनी फोन खिशात ठेवला आणि उतरताना ब्रेक कसा लावतात ते धाकट्याला दाखवत राहिले.

दोन दिवसांनी आयुष्य बदलत नाही. दुकान तसेच आहे, हॉर्न तसेच आहेत. पण दोन गोष्टी घरात आल्या. रविवारी जुहरपासून असरपर्यंत दुकानाचे शटर खाली असते. ‘असरनंतर या’ असा पुठ्ठा लावलेला असतो. पहिल्या महिन्यात चार-दोन गिऱ्हाइके परत गेली. बाकीच्यांना आता सवय झाली आहे. आणि रविवारी रात्रीची चूल माझी नसते. थोरली आणि धाकटा खिचडी करतात, कधी ऑम्लेट-पाव. खिचडी दोनदा करपली. अम्मा उठायला निघाल्या तेव्हा मीच त्यांना बसवले. आमची विश्रांती पूर्वी ‘कामं उरकल्यावर’ असायची आणि कामे उरकत नसत. आता तिची वेळ ठरलेली आहे. नमाजेची वेळ झाली की आपण हातातले काम जसे खाली ठेवतो, तसे ते खाली ठेवायला आम्ही शिकतो आहोत.

वाचक भगिनींनो, जायचे असेल तर थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, शनिवार-रविवार टाळा. नेरळच्या छोट्या गाडीसाठी सकाळी लवकर रांगेत उभे राहा. ती मिळाली नाही तर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जा आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनातून शटल पकडा. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हे सोयीचे पडते. गावात शिरताना नगरपरिषदेचा प्रवासी कर द्यावा लागतो. माकडांपासून खाऊ जपा, प्लास्टिक वर टाकून येऊ नका. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळते, त्यामुळे हलालची काळजी करत बसावे लागत नाही. सामान थोडे न्या, आणि जे उचलतील त्यांच्याशी घासाघीस करू नका. चाळीस चपात्या लाटू नका.

आणि माथेरानच गाठले पाहिजे असेही नाही. रायगडात, रत्नागिरीत, साताऱ्यात तुमच्याजवळ एखादा बाक नक्की असेल. तिथे घरातल्या त्या माणसाला घेऊन जा, जे ‘आता काय फिरायचं’ म्हणते.

परवा थोरलीने पुन्हा एक निबंध लिहिला, ‘मी केलेला प्रवास’. त्यात एक वाक्य असे आहे, ‘माझी दादी आणि अम्मी एका बाकावर एक तास बसल्या होत्या आणि काहीच करत नव्हत्या.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून प्रश्नचिन्ह केले आहे. मी मुलीला म्हटले, “राहू दे. बरोबर आहे ते.”